आखाजीचे फोटो

आमच्या घरातला जुना फोटो कोणत्या काळातला, हे ओळखायचं तर आधी त्याचा वरचा उजवा कोपरा बघायचा. कोपरा स्वच्छ असेल तर फोटो अगदी सुरुवातीचा: आबा हयात, जुन्या जळगावातल्या घरावर अजून मातीचं धाबं, बापूकाकांना मिसरूडही फुटलेलं नाही. कोपऱ्यात कडा विरलेला पांढरा डाग असेल तर मधला काळ: थोरल्या आत्यांची लग्नं झालेली, अंगणातला लिंब झोक्याइतका मोठा झालेला. आणि वर डाग नसून खाली डावीकडे काळा कोपरा असेल, तर फोटो दुरुस्तीनंतरचा, म्हणजे आम्ही बहुतेक चुलत-आते भावंडं त्यात कुठे ना कुठे आहोतच. नानांनी एकाही फोटोच्या मागे तारीख घातली नाही, नाव घातलं नाही. ते काम त्यांच्या कॅमेऱ्याच्या भात्याने केलं.

नाना म्हणजे आमचे थोरले काका, भुसावळला रेल्वेत होते. कॅमेरा आगफाचा, बिली नावाचा, जर्मनीत म्युनिकला तयार झालेला, मिटवून खिशात ठेवता येणारा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं स्वातंत्र्यानंतर हळूहळू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला जायला लागली, तेव्हा त्यांची कपाटं, ग्रामोफोन, चहाचे सेट स्वस्तात निघाले. त्यात एका ड्रायव्हरकडून नानांना हा मिळाला. केवढ्याला, यावर घरात एकमत नाही. बापूकाका चाळीस रुपये सांगायचे, जिजी, म्हणजे नानांची बायको, शंभर सांगायची, कारण तिला ते पैसे फुकट गेलेले वाटत होते, आणि खुद्द नाना विषय बदलायचे.

खिशातला म्हणायचा, पण खिसा कोणाचा ते महत्त्वाचं. कोडॅकने 1912 मध्ये काढलेला व्हेस्ट पॉकेट खरोखरच बंडीच्या खिशात मावायचा. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या खिशातून खंदकांपर्यंत पोचला. त्याच्या फोटोंचा आकार मात्र जेमतेम चार बाय साडेसहा सेंटिमीटर. नानांचा बिली सहा बाय नऊवाला. मिटवला तरी विटेचा लहान भाऊ. तो फक्त नानांच्या रेल्वेच्या कोटाच्या खिशात जायचा, म्हणून भर वैशाखात, जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतानाही फोटो काढायचा असला की नाना कोट घालून यायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं की फोटो काढणाऱ्याने कोट घालायचा असा कायदाच आहे.

कॅमेऱ्याच्या काळ्या चामड्यावर आगफाचा शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का दाबलेला. वरचं बटण दाबलं की पुढचं झाकण खट्कन खाली यायचं आणि त्याच्यासोबत भाता उलगडत लेन्स पुढे येऊन उभी राहायची. शटरला वेग तीनच: 25, 50 आणि 100; शिवाय शटर उघडं धरून ठेवायला बी आणि टी. नाना उन्हात शंभर लावायचे, सावलीत पंचवीस, आणि पन्नासला त्यांनी आयुष्यात हात लावला असेल असं वाटत नाही. लेन्सच्या बाजूला चिमुकलं आरशाचं व्ह्यूफाइंडर. त्यात बघायला कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालावी लागे. त्या आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. त्यामुळे नाना मान खाली घालून ओरडायचे, ‘‘बापू, डावीकडे सरक!’’ बापूकाका डावीकडे सरकायचे आणि चित्रातून बाहेर जायचे. मग ‘‘अरे, डावीकडे म्हणजे उजवीकडे!’’ हा संवाद इतक्या वेळा झालाय की आजही घरात कोणी गाडी मागे घेताना हात करत असेल तर तो म्हटला जातो.

रोल 120 नंबरचा. सहा बाय नऊच्या आकारात त्यावर आठ फोटो बसतात. मागच्या झाकणाला एक गोल लाल काच. रोलच्या पाठीला चिकटून असलेल्या कागदावरचे आकडे त्यातून दिसायचे. किल्ली फिरवत आकडा मध्यभागी आणायचा आणि थांबायचं. विसरलात तर कॅमेरा अडवत नाही, त्याच तुकड्यावर दुसरा फोटो खुशाल घेऊ देतो. धुळ्याच्या आतेभावाचं जावळ एकवीरादेवीला काढलं, पांझरेच्या काठी. त्याचा फोटो घेऊन नानांनी किल्ली फिरवली नाही आणि परतताना पारोळ्याला एस.टी. थांबली तेव्हा किल्ल्याचा फोटो घेतला. धुवून आला तो पारोळ्याच्या तटबंदीतून डोकावणारा एक गुळगुळीत टकलू. आतेभाऊ आज आजोबा झालाय, पण त्याला अजून ‘किल्लेदार’ म्हणतात.

आठ फोटोंचा रोल सहसा वर्षभर पुरवायचा असे. त्यात दोन प्रसंग पक्के: आखाजी आणि कानबाई. बाकीचे सहा लग्न-मुंज, अजिंठा, पद्मालय, नाहीतर कोणाच्या नव्या सायकलीसाठी राखीव. रोल वर्षभर कॅमेऱ्यात पडून. उन्हाळा सोसायचा, पावसाळा सोसायचा, आणि मग नवीपेठेतल्या स्टुडिओत जायचा. उन्हाळ्यात फोटो धुणं हे जळगाव-भुसावळात जिकिरीचं काम. डेव्हलपरला वीस अंश तापमान लागतं, आणि इथे नळाचं पाणीच आंघोळीला काढल्यासारखं यायचं. जिलेटिन मऊ पडून फिल्मवर बारीक सुरकुत्यांची जाळी यायची, कधी कडेने सालच सुटायची. त्यावर उपाय तुरटीचा. तुरटीच्या पाण्याने जिलेटिन घट्ट होतं. स्टुडिओवाले पहाटे, माठ ओल्या फडक्यात गुंडाळून, त्यातल्या पाण्याने काम उरकायचे. त्यामुळे मे महिन्यात दिलेला रोल कधी मिळेल याला ‘‘जरा गार होऊ द्या’’ एवढंच उत्तर होतं.

मोठं करण्याचा प्रश्न नव्हता. निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा फोटो काढायचा, कडा नागमोडी कापायच्या. हाताच्या पंजावर मावणाऱ्या त्या फोटोत वीस-पंचवीस माणसं असायची आणि प्रत्येकाचा चेहरा मोहरीएवढा. तरी कोण कोण ते आम्ही बिनचूक सांगतो, उभं राहण्याच्या ढबीवरून.

भात्याला पहिलं छिद्र कधी पडलं, कोणाला ठाऊक नाही. भाता सतत त्याच घड्यांवर मिटतो, उलगडतो. घडीच्या कोपऱ्यावर चामडं आधी झिजतं, त्यात इकडची कोरडी हवा आणि काळ्या मातीची धूळ. सुईच्या टोकाएवढं भोक पुरतं. आडव्या फोटोसाठी कॅमेरा वळवून धरला की ते भोक वरच्या उजव्या कोपऱ्यात यायचं. त्यातून आलेला उजेड तिरपा खाली, डावीकडे फिल्मवर पडे. फिल्मवर चित्र उलटं असतं, म्हणून कागदावर डाग पुन्हा वर उजवीकडेच. उभ्या फोटोत तोच डाग डावीकडे जातो. हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा घरात पक्कं मत असं होतं की तो उन्हाचा दोष आहे.

मत अगदीच खोटं नव्हतं. आणि इथेच आमच्या आत्यांवर अन्याय झाला.

खानदेशात आखाजी हा माहेरवाशिणींचा सण. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरस आणि पुरणपोळीने पोटं तट्ट होतात. बाहेर ऊन असं की डोळा उघडत नाही. नाना सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचे, सगळ्या आत्या झोक्यापाशी डोळे बारीक करून. उंचीने मोठी म्हणून धुळ्याची आत्या मागच्या रांगेत उजव्या टोकाला. वरून कडकडीत ऊन, भात्याचं भोक त्याच बाजूला. डाग नेमका तिच्यावर.

कानबाई येते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या दिवशी सगळी भाऊबंदकी एका छताखाली. घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. लग्न करून दिलेली लेक आता दुसऱ्या कुळाची. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघायच्या आधी नाना ओसरीवर सगळ्यांना बसवून फोटो घ्यायचे. आभाळ भरलेलं, ऊन नाही, सावली मऊ. भोक होतं तसंच, पण त्यातून शिरायला उजेडच नव्हता. डाग आलाच तर धुरकट, बघायला सांगितल्याशिवाय दिसत नाही.

त्यामुळे आमच्या घरच्या मधल्या सगळ्या वर्षांत काका, चुलते, सुना, नातू स्वच्छ दिसतात. लेकी पांढऱ्या डागाखाली. फोटोंची पेटी ओतून सगळे फोटो सतरंजीवर कालानुक्रमे मांडायला बसलो तेव्हा हे पहिल्यांदा ध्यानात आलं. एक पुतणी म्हणाली, ‘‘म्हणजे आत्याआजी कशी दिसायची हे आपल्याला माहीतच नाही.’’ माहीत आहे, पण फोटोवरून नाही. धुळ्याच्या आत्याने मात्र हे त्या काळीच ताडलं होतं. दर आखाजीला आदल्या वर्षीचा फोटो हातात घेऊन ती नानांना विचारायची, ‘‘मना तोंडवर कोनी चुना फासा रे, भाऊ?’’ नानांचं उत्तर ठरलेलं: ‘‘तू गोरी आहेस, त्याला मी काय करू?’’

आत्यांना दुसऱ्या टोकाला उभं करावं, एवढी साधी गोष्ट कोणाला कशी सुचली नाही, हे मला आजही कळत नाही. नाना हुशार माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. पण जागा ठरलेल्या होत्या, आणि ठरलेली जागा हलवणं आमच्या घरात जमत नसे.

नानांचा कॅमेरा बाहेरही फिरला, पण थोडा. अजिंठ्याला आम्ही सगळे गेलो तेव्हा त्यांनी लेण्यात बी लावून, कॅमेरा दगडावर ठेवून, श्वास रोखून फोटो घेतला. तिथल्या माणसाने पांढरं कापड धरून आत ऊन पाडलं होतं, तरी आलं ते एक काळं आयत. नानांनी तेव्हा आम्हाला मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. भुसावळला त्याची कबर आहे, नाना ती बघून आलेले. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं रंगवलेल्या त्या नकला लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. अजिंठा-वेरूळचे त्याचे जोडचित्रांचे फोटो फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये पुस्तकात आले. 1879 मध्ये तो वारला. ‘‘रंगवलेलं जळलं, फोटो उरले,’’ असं नाना जोर देऊन सांगायचे आणि आपल्या काळ्या आयताकडे मोठ्या ममतेने बघायचे.

आणि चाळीसगाव. जळगावहून धुळ्याला आत्याकडे जायचं तर एरंडोल-पारोळ्याची एस.टी. सोयीची, पण नानांकडे रेल्वेचा पास. त्यामुळे आम्ही लांबून, चाळीसगावला गाडी बदलून जायचो. तिथे स्टेशनावर उतरलं की नाना बोटाने दिशा दाखवायचे: तिकडे केकी मूस राहतात. मुंबईत 1912 मध्ये जन्मलेला हा पारशी कलावंत विलायतेत शिकून आला आणि चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात त्याने स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षं कोंडून घेतलं. लोक सांगतात की मुंबईहून येणार असलेल्या एका मुलीची तो रोज रात्रीच्या गाडीला वाट बघायचा. दंतकथेचा भाग सोडा. त्याचं काम बघा. खोलीतल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर हवा तसा उजेड पाडून तो बर्फाळ प्रदेश, गावं, रस्ते उभे करायचा आणि फोटो घ्यायचा. टेबलटॉप म्हणतात त्या प्रकारात त्याने देशोदेशीची बक्षिसं मिळवली. 1989 च्या शेवटच्या दिवशी तो गेला. घर आता कलादालन आहे. जळगाव जिल्ह्यात राहून ते न पाहिलेल्या माणसांची संख्या बघून मला राग येतो. नानांची त्याच्या दारात जायची हिंमत कधी झाली नाही. उजेडाचा कणही ज्याच्या परवानगीशिवाय हलत नव्हता, त्याला हे भोकवालं यंत्र काय दाखवणार?

भोक सापडलं ते मात्र नानांनाच. निवृत्तीनंतर, एका रात्री. कोठीघराचं दार लावून त्यांनी आम्हा मुलांना अंधारात बसवलं, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, भाता पूर्ण ताणला आणि आतून बॅटरी लावली. घड्यांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे ठिपके उमटले. एक ठळक, बाकी बारीक. नाना कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘छत्री आणा.’’

जिजीच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि चिमटा. आतून ठिगळ लागलं. ते वाळेपर्यंत कॅमेरा उघडा ठेवायला हवा होता. धूळ बसेल म्हणून जिजीने तो मिटवला. ठिगळ घडीत अडकून आत लोंबायला लागलं. त्यानंतरच्या फोटोंत पांढरा डाग गेला आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, खाली डावीकडे, काळी पाचर आली, कारण लोंबणारं कापड लेन्सकडून येणारा उजेड तेवढ्यापुरता अडवत होतं. खाली डावीकडे बसायची ती आम्ही पोरं. आत्यांचे चेहरे परत आले, आमचे गुडघे गेले. हा सौदा मला तरी वाजवी वाटतो. माझ्या एका चुलत भावाला वाटत नाही, कारण तो अगदी टोकाला बसायचा आणि आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत त्याचा पुरावा म्हणून फक्त एक चप्पल आहे.

पुढे रोलचंच अवघड झालं. आगफाचा रोल मिळेना, मग पूर्व जर्मनीचा ऑर्वो आला. गंमत अशी की ऑर्वोचा वोल्फेनचा कारखाना मुळात आगफाचाच. 1964 मध्ये नाव बदललं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोलही नानांनी वापरून पाहिला. तोवर बापूकाकांनी आगफा क्लिक थ्री घेतला होता, बडोद्याला तयार होणारा. भाता नाही, घडी नाही, मिटवणं नाही. त्याच 120 रोलवर चौकोनी बारा फोटो. नानांनी तो हातात घेऊन हलवून पाहिला आणि परत दिला. ‘‘डबा आहे,’’ एवढंच म्हणाले. पण त्यानंतरचे सगळे फोटो त्या डब्याचे आहेत, आणि त्यात कोणताही डाग नसल्यामुळे कोणता कुठल्या वर्षीचा यावरून आम्ही भांडतो.

नानांच्या मागे कॅमेरा धुळ्याला गेला, आत्याकडे. कोणी दिला नाही, तिने मागून घेतला. फोटो राहिले जळगावला. ‘किल्लेदारा’च्या मुलाने, जो पुण्यात असतो आणि ज्याला फिल्मचं नवं वेड लागलंय, गेल्या दिवाळीत तो कपाटातून काढला. त्याने व्हिडिओ कॉलवर आम्हाला तपासणी दाखवली. चामडं पाठीकडून सुटून गुंडाळी झालेलं. व्ह्यूफाइंडरच्या आरशाचा पारा उडालेला, त्यात आता माणूस नाही, नुसतं करडेपण दिसतं. लेन्सच्या कडेला बुरशीचे धागे, मध्यापर्यंत अजून पोचलेले नाहीत. शंभरचा वेग बरोबर, निदान कानाला. पंचवीस लावला की पाती उघडते आणि मिटायचं विसरते, मग टिचकी मारावी लागते. लाल काच फिकी झालीय, तिच्यावर आतून काळी चिकटपट्टी लावायला हवी, कारण हल्लीच्या फिल्म लाल उजेडालाही जागतात. आत एक रिकामी रीळ जागच्या जागी. ती सांभाळ, असं आम्ही तिघांनी एकदम ओरडून सांगितलं. तिच्याशिवाय रोल पुढे गुंडाळणार कशावर? भात्यात छत्रीचं ठिगळ कडक होऊन बसलंय आणि त्याच्या शेजारी नवी भोकं.

आता घरात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आहे तसा काचेच्या कपाटात ठेवा, ठिगळ काढू नका, ती नानांची खूण. दुसरा म्हणतो, नवा भाता बसवा. तो बनवून मिळतो, जमेल तसा घरी घड्या घालूनही करतात, आणि 120 चा रोल आजही बाजारात आहे. मी दुसऱ्या पक्षात. जुन्या भात्याने जे करायचं ते करून ठेवलंय, ते पेटीभर फोटोंत सुरक्षित आहे. कपाटात ठेवलेल्या यंत्राचं तेल वाळतं, बुरशी वाढते, आणि मग ते खरोखर कशाच्याच कामाचं राहत नाही. पहिल्या पक्षाचं म्हणणं असं की मला माझ्या गुडघ्यांचा सूड घ्यायचाय.

निकाल धुळ्याच्या आत्याने दिला. ती नव्वदीच्या घरात आहे, ऐकायला कमी येतं, पण फोनवर कॅमेऱ्याची चर्चा चाललीय हे तिला बरोबर कळलं. नातवाच्या हातून फोन घेऊन म्हणाली, ‘‘दुरुस्त करी आना. आखाजीले पहिला फोटू मना.’’ पुण्याच्या नातवाने भात्याचं माप घेतलंय. आत्या कुठे उभी राहणार, हे मात्र या वेळी आधी ठरवायचंय.